.455 काडतूस : लष्करातून गेलं, कायद्यात मात्र राहिलं!

खंडेनवमीला राणीसावरगाव असो की पुणे, घरोघरी जुनी शस्त्रं पुजली जातात. हल्ली त्यांचे फोटो लगेच स्टेटसलाही लागतात. पण त्या ताटात आजोबांच्या ट्रंकेतलं एखादं जुनं काडतूस असेल, तर हे वाचाच.

.455 म्हणजे काय?
बोअरचं इंचातलं माप. ब्रिटिश सैन्याच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी हे काडतूस 1891 मध्ये आलं. गोळी सुमारे 17 ग्रॅमची, जड आणि संथ. जवळून येणाऱ्या शत्रूला जागीच थांबवणं हा तिचा उद्देश. 1898 मध्ये पुढून पोकळ असलेली गोळी आली. पण 1899 च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली आणि ती मागे घेतली गेली. पहिल्या महायुद्धात .455 चा भरपूर वापर झाला.

मग बंद का झालं?
रिव्हॉल्व्हर जड आणि धक्का जोरदार, त्यामुळे नव्या सैनिकांना नेम साधायला वेळ लागे. म्हणून दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हलकं .380 आलं. ते पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातही बनलं. त्याच्या बुडावर ‘के एफ’ अक्षरं दिसतात. 1947 नंतर ब्रिटिश सैन्यातून .455 निवृत्त झालं.

भारतात आज स्थिती काय?
शस्त्र नियमांच्या यादीत .380 आणि .455 ची लष्करी काडतुसं वापरू शकणारी रिव्हॉल्व्हर ‘प्रतिबंधित’ गटात आहेत. म्हणूनच सामान्य परवानाधारकाकडे बहुधा .32 चं रिव्हॉल्व्हर दिसतं.

घरात सापडलं तर?
प्रतिबंधित दारूगोळा बेकायदा बाळगल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर 7 ते 14 वर्षं कैदेची तरतूद आहे. न्यायालय ‘जाणीवपूर्वक ताबा’ होता का, हे पाहतं. ट्रंकेत काय आहे हे ठाऊकच नसणं वेगळं. ओळखून, पुजून, फोटो टाकणं वेगळं. फोटो टाकल्यावर ‘माहीत नव्हतं’ म्हणणं अवघड जातं.

म्हणून काडतूस घासू नका, ठोकू नका, तापवू नका. जुनं असलं तरी ते उडू शकतं. आहे तिथेच ठेवा, मुलांना दूर करा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. दिलेल्या माहितीची पोच घ्यायला विसरू नका.