माळ्यावरचा की-बोर्ड

मुलुंडला आमच्या वन बीएचकेत इस्त्रीच्या टेबलावर रोलँड टीबी-३०३ची नवी नक्कल ठेवलीय. बटणं पिळली की बास गुरगुरतो. मूळ जपानी यंत्र गिटारवाल्यांच्या साथीसाठी काढलेलं. चाललं नाही, १९८४ला बंद पडलं. शिकागोच्या पोरांनी ते स्वस्तात उचललं आणि १९८७च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पासून अ‍ॅसिड हाउस सुरू झालं, असं जग सांगतं.

पण त्याआधीच, १९८२ला, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी हेच ३०३, ८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. यमन, मालकंस, भैरवी! ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, म्हणजे जवळजवळ आपली मींडच. फिल्मी गाण्यांत वाजवणाऱ्या या माणसाला ती बरोब्बर सापडली. एचएमव्हीची ती रेकॉर्ड मात्र खपली नाही. २०१०ला एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे आपल्याला कळलं. सिंग २०१५ला गेले.

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीतल्या ऑर्केस्ट्रावाल्या काकांचा सिंथ भंगारात किलोवर गेला. मला दोन दिवसांनी समजलं. तुमच्या माळ्यावर असं काही असेल, तर भंगारवाल्याआधी मला मेसेज करा. घाटकोपर, बोरिवली, कुठेही येतो.