पन्नास दिवसांचं छप्पर

रांजणगाव म्हटलं की आपल्याला अष्टविनायकातला महागणपती आठवतो. नगर रोडने जायचं, दर्शन घ्यायचं, संध्याकाळपर्यंत पुण्यात परत. पण देवळापासून थोड्याच अंतरावर एमआयडीसी आहे, आणि तिच्या आधाराने रांजणगाव, कारेगाव, ढोकसांगवीत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची पोरं एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात. व्यवहार बहुतेकदा तोंडी.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. कारखाने बंद, एसटी बंद, रेल्वे बंद. अशा वेळी मालक "खोली खाली कर" म्हणाला तर माणसाने जायचं कुठे?

आपल्याकडे साथ आणि घर यांचं नातं जुनं आहे, आणि फारसं प्रेमाचं नाही. प्लेग आला, १८९७ साली साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेत, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेत. म्हणजे साथीत माणसाला घराबाहेर काढणारं खुद्द सरकारच होतं! मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा. भाडेकरूबद्दल त्यात अवाक्षर नाही.

ती उणीव २९ मार्च २०२० ला केंद्राच्या एका आदेशाने भरून काढली. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली निघालेल्या या आदेशात सांगितलं होतं: मजुरांकडून एक महिना भाडं मागू नका, आणि मजूर किंवा विद्यार्थ्यांना घर सोडायला लावलंत तर कारवाई होईल. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानेही घरमालकांना सूचना दिली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कोणाला काढू नका. १८९७ च्या बरोबर उलट दिशा. पण नीट वाचा... 'पुढे ढकला' म्हटलंय, 'माफ करा' नाही. काम बंद असताना साठलेलं भाडं शेवटी कर्जच.

आणि केंद्राचा आदेश टिकला किती? १७ मे च्या नव्या आदेशाने १८ तारखेपासून तो रद्द झाला. पगार कापू नका हे कलमही त्याच कागदावर होतं. त्यावरून कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या, पेपरात रकाने भरले. भाड्याचं कलम मात्र गुपचूप गेलं. एकूण ५० दिवस.

आता गंमत बघा. १९१८ साली महायुद्धामुळे मुंबईत भाडी भडकली, म्हणून सरकारने युद्धापुरता भाडे नियंत्रण कायदा केला. (त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथही आली.) पुढे १९४७ चा कायदाही तात्पुरताच होता. मुदतवाढ मिळत मिळत तो २००० पर्यंत चालला! आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे: टेंपररी पॅच, जो प्रॉडक्शनमधून कधीच निघत नाही.

मग एक तात्पुरता कायदा पन्नास वर्षं का चालला, आणि दुसरा पन्नास दिवसांत का संपला? मला वाटतं, जुन्या भाडेकरूकडे भाडेपावती होती, कोर्टात उभं राहायला जागा होती, आणि मतदार म्हणून त्याला दुखवायची कोणाची तयारी नव्हती. कारेगावच्या खोलीतल्या पोराकडे ना पावती, ना तिथलं मत. 'कारवाई होईल' हे ठीक, पण तक्रार करायची तर आधी आपण भाडेकरू आहोत हे दाखवावं लागतं.

आपलं काय? आपण ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवाले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार मुदत संपली की घर सोडावं लागतं. पण त्याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. नोंदलेला नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. हे कलम कितीजणांना माहीत असतं?

पुढची साथ कधी येईल ते कोणाच्या हातात नाही. खोलीचा साधा कागद करणं मात्र आजही हातात आहे. आदेश येतात नि जातात, पण कोर्टात विचारतात तो कागदच.