आई, देणें आणि सही

कोराडीस आमच्या घराच्या खिडकींतून जगदंबेच्या देवळाचें शिखर आणि वीजकेंद्राच्या चिमण्या एकदमच दृष्टीस पडतात. त्या वीजकेंद्राचा पहिला संच 1974 सालीं सुरू झाला आणि पुढल्याच वर्षीं आमचे वडील वारले. आमचें वय तेव्हां आठ वर्षांचें. मागें राहिलीं आई, आम्ही दोघें भावंडें, सोनाराकडे गहाण पडलेल्या पाटल्या आणि वाण्याची उधारी. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनें एका चोपडींत येणें-देणें लिहावयास आरंभ केला. वडिलांच्या नांवची लहानशी ठेव मुलांच्या नांवें करण्यास ती एका पेढीवर गेली, तेव्हां तेथील कारकुनानें 'घरचा कोणी पुरुष घेऊन या' असें सांगून तिला परत पाठविलें. वाण्यानें मात्र पुरुष मागितला नाहीं. उधारी फेडणारें माणूस त्याला तिच्यांतच दिसलें.

देणें आईचें, पण सही दुसऱ्याची, ही विसंगति आमच्या घरापुरती होती असें आम्ही पुष्कळ दिवस समजत होतों. पुढें इतिहासाच्या अभ्यासांत तिचें मूळ बरेंच जुनें असल्याचें आढळून आलें.

नागपूरचें राज्य 1854 सालीं खालसा झालें. त्यानंतर दोनच वर्षांनीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें गोरखपूरकडील एका खटल्याचा निकाल दिला. तो हनुमानप्रसाद पांडे यांचा खटला म्हणून वकीलवर्गास तोंडपाठ असतो. एका विधवा राणीनें अज्ञान मुलाच्या इस्टेटीवर सावकाराकडून कर्ज काढून गहाणखत लिहून दिलें होतें. मुलगा मोठा झाल्यावर गहाण रद्द करण्याचा दावा झाला. कागद राणीनें मालकीण म्हणून लिहिला कीं मुलाची आई म्हणून, असाहि वाद निघाला. येथील लोकांच्या दस्तऐवजांतील शब्दांस चिकटून न बसतां व्यवहाराचें स्वरूप पाहावें, असें न्यायाधीशांनीं ठरविलें. आणि आईस कर्ज काढण्याचा अधिकार आहे, परंतु तो मर्यादित आहे, असा निर्णय दिला. इस्टेटीवर खरें संकट असावें, अथवा तिचें हित व्हावें. सावकारानें गरजेची वाजवी चौकशी करावी. तेवढी त्यानें प्रामाणिकपणें केली, तर पुढें पैसा कोठें गेला हें पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर नाहीं.

निकाल वाचतांना न्यायाधीशांच्या विवेकाबद्दल आदर वाटतो, आणि आम्हांस तो आजहि वाटतो. परंतु त्यांतील कांटा कोणाच्या पायांत रुतला? बापानें कर्ज काढलें तर त्याचें कारण सावकार सहसा विचारीत नसे. आईनें काढलें कीं घरांतील अडचण उघडी करून दाखविणें प्राप्त झालें. शिवाय उद्यां मुलगा मोठा होऊन दावा करील ही भीति सावकारास राहिलीच. आणि सावकार भीतीची किंमत व्याजांत वसूल करतो, हें सांगावयास अर्थशास्त्र नको.

हा नियम आमच्या भागास लागू पडावा अशी जमीनहि लवकरच तयार झाली. 1861 सालीं मध्यप्रांत निर्माण झाला आणि पुढील बंदोबस्तांत मालगुजारांस गांवांची मालकी मिळाली. पूर्वी ते बहुतांशीं साऱ्याचे मक्तेदार होते. मालकीबरोबर गहाण टाकण्याची सोय आली आणि सोयीपाठोपाठ कर्जहि आलें. तें इतकें वाढलें कीं 1933 सालीं मध्यप्रांत सरकारास कर्जतडजोडीचा कायदा करावा लागला. सावकार व ऋणको यांस मंडळापुढें समोरासमोर बसवून रक्कम ठरवावी, अशी त्याची योजना होती.

स्वातंत्र्यानंतर 1956 सालच्या वारसा कायद्यानें विधवेस पतीच्या मिळकतींत मुलांच्या बरोबरीचा वांटा दिला. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्याच वर्षींच्या पालकत्वाच्या कायद्यानें नैसर्गिक पालक प्रथम बाप, 'त्याच्यानंतर' आई, असें लिहिलें. आणि अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय पालकास गहाण टाकतां येणार नाहीं, असें बंधन घातलें. बंधन बापासहि आहे, हें खरें. पण बाप जिवंत असतां शेत बहुधा त्याच्याच नांवें असतें. मुलाचें नांव तेथें लागतें तें तो गेल्यावर. म्हणून न्यायालयाची पायरी चढण्याची पाळी मुख्यतः विधवेवरच येते.

'त्याच्यानंतर' या शब्दाचा निवाडा होण्यास 1999 साल उजाडलें. लेखिका गीता हरिहरन यांनीं मुलाच्या नांवें रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठीं अर्ज केला होता. बँकेनें पित्याची सही मागितली. 'नंतर' म्हणजे केवळ बापाच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अभावीं, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें लावला. येथें तर कर्जाचा प्रश्नहि नव्हता. आई पैसे ठेवावयास आली होती!

विदर्भांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं हें सारें पुनः उघड्यावर आणलें. 2006 सालीं केंद्र सरकारनें सहा जिल्ह्यांसाठीं 3750 कोटींची योजना जाहीर केली. नागपूर जिल्हा त्यांत नव्हता. राज्य सरकारच्या त्या वर्षींच्या निर्णयांत मृताच्या कुटुंबास एक लाख रुपये ठरले, पैकीं 30 हजार हातीं आणि 70 हजार ठेवींत. ठेवीमागील हेतु चांगला होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकार यांचेंच कर्ज हिशेबांत धरावयाचें. मावसभावाकडून घेतलेलें हातउसनें, ज्याच्या धास्तीनें बाईची झोप उडते, तें कागदावर कोठेंच नाहीं. त्यांतून सातबारा पुष्कळदा सासऱ्याच्या नांवचा. पीककर्जाच्या खिडकीपाशीं तिला प्रथम तोच विचारला जातो, आणि दारीं येणारा देणेकऱ्यांचा तगादा मात्र सातबारा पाहून येत नाहीं.

आईची चोपडी आमच्याजवळ आहे. वाण्याची उधारी फिटण्यास चार वर्षें लागलीं. पाटल्या सोडविल्याची नोंद 1983 सालची असून तिच्याखालीं मुद्दलाहून अधिक भरलेल्या व्याजाची बेरीज आहे. बेरजेखालीं आईनें पूर्ण नांवानें सही केली आहे. ती तेथें कोणीं मागितली नव्हती.