सोंगटी, चेंडू आणि पडदा

खेळ म्हटला की आपल्याकडे वडीलमाणसांच्या कपाळाला आठी पडते. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांस व्हिडिओ गेम खेळवून शिकवितात असे सांगितले, तर पुष्कळांस ती थट्टाच वाटेल. परंतु नगर जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, इतिहास चाळला की मला ही कल्पना परकी वाटत नाही.

नेवाशास १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मोक्षपटाचा खेळही ज्ञानेश्वरांनीच रचला, असे परंपरा सांगते. ती माना वा न माना. सापशिडीचा हा पूर्वज निव्वळ करमणुकीसाठी नव्हता, हे पट पाहताच कळते. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. करणी आणि फळ यांचा संबंध सोंगटीच्या चालीने मनात ठसवायचा, ही त्याची रीत.

दुसरा दाखला तर आरोग्याचाच आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. मुलूख दुष्काळी, गावे जातीजातींत विभागलेली; आरोग्यावरच्या व्याख्यानाला कोण येणार? तेव्हा त्यांनी व्हॉलीबॉलचा आधार घेतला. चेंडूच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींचे पुरुष एका मैदानात आले. खेळामागून बोलणे आले, आणि त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली. गावच्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता पडद्यावरच्या खेळाकडे वळू. २००७ साली अमेरिकेत ३३ शल्यवैद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या आणि काम २७ टक्के लवकर उरकले. खेळाने हात सुधारला, की चलाख हातांचेच लोक खेळाकडे वळले, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

माझ्या मते खेळाचा खरा लाभ निराळाच आहे. तेथे चुकता येते आणि कोणी मरत नाही. नवशिक्याची पहिली चूक जिवंत रोग्याच्या वाट्यास न येता पडद्यावर होऊन जावी, हे केव्हाही बरेच. पण त्यातच धोकाही आहे. पडद्यावरचा रोगी बटण दाबताच पुन्हा उठून बसतो. वस्तीवरचे मूल तसे उठत नाही.

लोणीस १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांसाठी कोणी खेळ रचील, तर त्यात हगवणीने सुकलेले मूल अवश्य असावे. मीठसाखरेच्या पाण्याचे प्रमाणही असावे. परंतु ते पाणी कोणत्या विहिरीचे, तेथे कोणास जाता येते, आणि घरात निर्णय कोणाच्या हाती, हे प्रश्नही त्याच पटावर मांडलेले असावेत. जामखेडच्या मैदानाने शिकविले ते हेच.