गिरगावच्या नाक्यावरची वही: दुकाने, घराणी आणि आपल्या आळीचा इतिहास

१/ गिरगावात आमच्या चाळीच्या नाक्यावर एक किराणा दुकान होते. काही वर्षांपूर्वी ते बंद झाले. शेठच्या नातवाने फळ्या, डबे आणि तराजू मोडीत काढले. हिशेबाच्या जुन्या वह्या रद्दीत गेल्या. एक वही मात्र राहिली, कारण ती डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली टेकण म्हणून दिलेली होती. ती मी मागून घेतली. मित्रहो, आजचा हा धागा त्या वहीविषयी, आणि तिच्या निमित्ताने आपली आळी कशी वाचावी याविषयी.

२/ लाल कापडी बांधणीची ही उधारीची वही. लिपी गुजराती, खातेदारांची नावे मात्र बहुतेक मराठी. प्रत्येक नावापुढे माळा आणि खोलीचा क्रमांक. वर्ष लिहिले आहे संवत २०१३. गुजराती व्यापाऱ्यांचे हिशेबी वर्ष दिवाळीत चोपडापूजनाने सुरू होते, म्हणजे ही वही नोव्हेंबर १९५६ ते ऑक्टोबर १९५७ या काळातली. कागदाचा काळ ठरवणे ही इतिहासाची पहिली पायरी. ती येथे सहज चढता आली.

३/ वहीच्या मध्यावर हिशेबाची रीतच बदलते. अर्ध्या वहीपर्यंत रुपये, आणे, पै. पुढे रुपये आणि नये पैसे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती लागू झाली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस नये पैसे सरळ होत. पण दोन आण्यांचे साडेबारा. सरकारी कोष्टकाने ते बारा धरले आणि तीन आण्यांचे एकोणीस. शेठनी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस हे कोष्टक स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले आहे. दिल्लीतला एक कायदा नाक्यावरच्या गल्ल्यापर्यंत कसा पोहोचला, याचा हा पुरावा.

४/ याच महिन्यांत मुंबई कोणाची, हा प्रश्न रस्त्यावर पेटलेला होता. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी उतरलेल्या जनतेवर गोळीबार झाला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, म्हणजे आपली वही उघडण्याच्या केवळ काही दिवस आधी. गिरगाव तर चळवळीच्या ऐन धामधुमीत. आणि गुजराती लिपीत मराठी घरांची उधारी महिनोन्‌महिने चालूच आहे.

५/ यावरून ‘तेव्हा सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. वही एवढेच सांगते, की व्यवहार थांबला नाही. माणसांच्या मनात काय होते, ते तिच्यात लिहिलेले नाही. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडी घालावे.

६/ आता दुकानाच्या पायाखालच्या जमिनीकडे येऊ. गिरगावातली नावे एका दमात वाचून पाहा: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. ही नावे बागा आणि शेतांची आहेत. कोकण-गोव्यात ‘भाट’ म्हणजे आजही बागायतीची जमीन. मुंबईचा कोट दाट वस्तीने भरून गेला होता, तेव्हा त्याच्या बाहेर या वाड्या होत्या. झाडे गेली, घरे आली. पत्त्यांत पिके राहिली.

७/ वाड्यांबरोबर घराणीही टिकली. खोताची वाडी हे नाव पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्यावरून आले, असे मानतात. तिथली लाकडी सज्जांची घरे मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. याच गिरगावात जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) यांचा वाडा होता. शाळा, ग्रंथालये यांपासून आशियातल्या पहिल्या रेल्वे कंपन्यांपैकी एकीपर्यंत त्यांचा हात होता. ‘गिरगाव म्हणजे मध्यमवर्गीय मराठी माणूस’ हे चित्र त्यामानाने अलीकडचे. तो माणूस या जुन्या घराण्यांच्या नंतर आला.

८/ तो आला कोकणातून आणि देशावरून: कारकुनी, छापखाना, शाळा, कचेरी अशा नोकऱ्यांसाठी. राहायला चाळ. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सुरू झालेला गणेशोत्सव हा मुंबईतला सर्वांत जुना सार्वजनिक गणेशोत्सव मानला जातो. म्हणजे त्या सुमारास चाळ ही एकत्र वर्गणी काढू शकणारी वस्ती झालेली होती. नोकरदाराचा पगार महिन्याला एकदा, भूक रोज. या दोहोंमधले अंतर भरून काढणारी यंत्रणा म्हणजे खाणावळ आणि वाण्याची वही. शेठ उधार देत ते मनाच्या मोठेपणाने, यात शंका नको. पण खातेदाराची खोली, नोकरी आणि पगाराची तारीख त्यांना ठाऊक होती, हेही तितकेच खरे. विश्वासाला माहितीचा आधार होता.

९/ गिरगावाचा चेहरा बदलण्यात एका रोगाचाही वाटा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. कोंदट वस्तीत हवा खेळावी म्हणून रुंद रस्ते काढले गेले. त्यांतला सँडहर्स्ट रोड आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणून ओळखला जातो. त्याच रस्त्यावरच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. मॅजेस्टिक सिनेमा आता नाही. पण त्याच्या सान्निध्यात सुरू झालेल्या पुस्तकांच्या दुकानाने ते नाव मराठी प्रकाशनव्यवसायात जिवंत ठेवले.

१०/ गिरगावातली काही दुकाने नाक्यावरून निघून जगभर गेली. १९१० साली विश्वनाथ परशुराम बेडेकर यांनी येथे किराणा दुकान थाटले. मसाले आणि लोणची घरीच करण्याची रीत असलेल्या समाजात ती तयार विकणे हे धाडसच होते. पण शहरात आलेल्या कुटुंबाकडे खलबत्त्याला जागा नव्हती, वाळवणाला अंगण नव्हते आणि मदतीला जाऊ-नणंदा नव्हत्या. बेडेकरांची बरणी या उणिवेतून उभी राहिली.

११/ दुसरे उदाहरण याहून बोलके. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांचे नाव आज सर्वांना परिचित आहे. हाच पुढे लिज्जत पापड. म्हणजे आमची वही संपल्यानंतर दीड वर्षातच, काही गल्ल्या पलीकडे, हे घडत होते.

१२/ हे सांगण्यामागे कारण आहे. वहीत आमच्या खोलीचेही एक खाते आहे. ते आजोबांच्या नावावर. आजोबा त्या दुकानात क्वचितच गेले असतील. तांदूळ निवडून पाहणारी, गुळाची ढेप फोडून घेणारी, महिनाअखेरीस भाव घासणारी आजी होती. वहीत तिचे नाव एकदाही येत नाही. लिज्जतच्या सात जणींनी स्वतःच्या नावाने धंदा मांडला, म्हणून त्या इतिहासात दिसतात. बाकीच्या हजारो जणी नवऱ्याच्या खात्याआड राहिल्या. ज्यांना उधारी मिळतच नव्हती, ज्यांना काही चाळींत जातीमुळे खोली मिळत नव्हती, ती माणसे तर वहीच्या बाहेरच. जुन्या आळीच्या आठवणी काढताना ही रिकामी जागा विसरू नये.

१३/ मग ही दुकाने तीन-तीन पिढ्या टिकली कशी? आपण म्हणतो, ‘जुन्या माणसांची चिकाटी.’ ती होतीच. पण एक कायदाही होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे आधार मानले. हे घरांना लागू होते, तसेच दुकानांनाही. महागाई वाढत गेली, भाडे जवळजवळ तिथेच थांबले. शिंपी, घड्याळजी, वह्या-पेन्सिलींचे दुकान, पूजासाहित्यवाला असे थोड्या नफ्याचे व्यवसाय शहराच्या ऐन मध्यवस्तीत तग धरू शकले, ते बऱ्याच अंशी यामुळे.

१४/ याची दुसरी बाजूही आहे. एवढ्या भाड्यात घरमालक दुरुस्ती करीना. इमारती खचू लागल्या. शेवटी १९६९ मध्ये कायदा करून उपकर घेणारे दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीस मुभा दिली आणि चोरीछुपे चालणारी पागडी कायदेशीर केली. ज्या कायद्याने दुकान वाचवले, त्यानेच त्यावरचे छप्पर जीर्ण केले.

१५/ पुढचे आपण डोळ्यांनी पाहिले. पुनर्विकासात चाळींच्या जागी मनोरे आले. मेट्रो-३ च्या स्थानकांसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या. आज त्याच मेट्रोने लोक सुखाने जातात, मीही जातो. सामायिक संडास आणि टेकू लावलेले जिने ज्यांनी वापरले आहेत, त्यांना नव्या घराचा हेवा करण्याचा अधिकार बाहेरच्या हळहळणाऱ्यांना नाही. इमारत जावी की राहावी, हा तिथे राहणाऱ्यांचा प्रश्न. पण ती जाताना कागदही जातात, आणि ते वाचवणे कोणालाही शक्य आहे.

१६/ म्हणून विनंती. आपल्या आळीतले एक जुने दुकान निवडा. चालकांना मान देऊन विचारा: मूळ गाव कोणते, जागा कोणाकडून घेतली, आधी येथे काय होते, भाडे कसे ठरले, दुकानात कोण कोण राबले. त्यांची परवानगी घेऊन पाटीचे, भाडेपावतीचे, जुन्या वहीचे छायाचित्र काढा आणि त्यावर तारीख घाला. घरातल्या आजीला वेगळे विचारा. तिची हकीकत बहुधा वेगळी निघेल.

१७/ आमच्या खात्याच्या शेवटच्या पानावर बाकी दिसते: सात रुपये बत्तीस नये पैसे. पुढची वही रद्दीत गेली, त्यामुळे ती फिटली की नाही, ते कळायला मार्ग नाही. मी नातवाला ती रक्कम देऊ केली. तो हसला आणि म्हणाला, “राहू द्या हो काका, आता कोणत्या खात्यात लिहू?” त्याचे म्हणणे खरे होते. म्हणून ती बाकी येथे नोंदवून ठेवली. तुमच्या नाक्यावरच्या दुकानाची नोंद खाली अवश्य करा.