तळटीप : ‘सर्व्हरची मेमरी भरली होती’

येथील कर्जत म्हणजे अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील तालुका. रायगडमधले कर्जत नव्हे. पीककर्जाला सातबारा लागतो. ऐन हंगामात त्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या ई-फेरफार प्रणालीचा सर्व्हर अडला, तर शेतकऱ्याचा अख्खा दिवस तलाठी कार्यालयाच्या दारात जातो, म्हणून मेमरी भरल्याचे लेखकाचे हे कारण जसेच्या तसे मान्य करता येत नाही. मेमरी भरलेली दिसणे हा बिघाडाचा पुरावा नव्हे. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडताच त्यातली बरीचशी मोकळी करते. तेव्हा ‘फ्री’चा नव्हे, ‘अव्हेलेबल’चा आकडा पाहावा, कर्नल तो २०१४ पासून देते. डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल असेल, तर आणखी एक चकवा असतो. समजा, सामायिक बफर ८ जीबीचा आहे. ज्या ज्या प्रोसेसने त्याचा जेवढा भाग हाताळला, तिच्या तिच्या नावावर तेवढा पुन्हा मोजला जातो, आणि शंभर जोडण्यांच्या प्रोसेसची बेरीज यंत्रातल्या एकूण मेमरीच्याही पुढे जाऊ शकते. त्या बेरजेला काही अर्थ नाही. खरी टंचाई असेल तर स्वॅपमध्ये सतत ये-जा दिसते, किंवा कर्नलने मेमरीअभावी प्रोसेस बंद पाडल्याची नोंद सापडते. यांतले काहीच नसेल, तर आधी लॉक तपासावेत: एक अपुरा राहिलेला व्यवहार मागच्या शेकडो विनंत्या अडवून धरू शकतो. हे पाहण्याआधी सर्व्हर रीस्टार्ट करू नये. त्याने पुरावा पुसला जातो, आणि डेटाबेसचा बफर रिकामा झाल्याने सुरुवातीची कामे उलट संथ होतात.