यंत्रातली जिल्हाबंदी

पोलादपुराहून खेडकडे जाताना कशेडीचा घाट लागतो. घाटाच्या अलीकडे रायगड, म्हणजे 1981 पूर्वीचा कुलाबा जिल्हा; पलीकडे रत्नागिरी. टंचाईच्या दिवसांत जिल्ह्याची वेस ओलांडून परवान्यावाचून तांदूळ नेण्यास बंदी असे. त्या जिल्हाबंदीचा जाच लोकांनी पुष्कळ सोसला. पण प्रत्येकाच्या ताटात घास पडावा, हा तिचा हेतू सरकारला निदान उघडपणे सांगता येत होता. आज आम्हांला अशाच एका बंदीचा इतिहास पाहावयाचा आहे. ती नाक्यावर नसून यंत्राच्या पोटात आहे, आणि ते यंत्र म्हणजे मुलांचा व्हिडिओ गेम. विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु दाम मोजून घेतलेल्या वस्तूवर सत्ता कोणाची, हा त्यातला प्रश्न पोरखेळाचा खचित नव्हे.

महाड, पोलादपूर, खेड या टापूतील माणसे पोटासाठी आधी मुंबईस गेली आणि 1970 नंतर आखाती देशांतही गेली. परदेशी वस्तू घरी आणण्याची वाट त्यांनीच रुळवली. त्या वाटेवर खेळयंत्राला तीन अडसर होते.

पहिला अडसर विजेचा आणि चित्राचा. जपानात घरगुती वीज 100 व्होल्टची, आपल्याकडे 230 ची. जपान-अमेरिकेच्या टीव्हीचे चित्र 525 रेघांचे, आपले 625 रेघांचे. त्यामुळे जपानी यंत्र आणले, तर ट्रान्सफॉर्मर हवा आणि दोन्ही तऱ्हेची चित्रे दाखवणारा टीव्हीही हवा. हे भेद कोणा खेळवाल्याने मुद्दाम केलेले नव्हते.

दुसरा अडसर सरकारचा. 1991 पूर्वी अशा चैनीच्या मालाची आयात जवळजवळ बंदच होती. नंतरही जकात जबर राहिली. 1995 साली सेगाने आपले मेगा ड्राइव्ह यंत्र शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आणले, ते सुमारे 80 टक्के आयातकर टाळण्यासाठी. तरीही त्याची किंमत 18,000 रुपये होती. आयातीवरील संख्येची उरलेली बंधने 1 एप्रिल 2001 रोजी उठली. तोवर बहुतेक घरांत पोहोचली होती ती निंटेंडोच्या 1983 सालच्या जपानी फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. तिच्या खेळाला मुले 'कॅसेट' म्हणत.

तिसरा अडसर खुद्द कारखानदाराचा, आणि आमचा मुख्य रोख त्याच्यावर आहे. मूळ फॅमिकॉममध्ये कुलूप नव्हते. 1985 साली तेच यंत्र अमेरिकेत गेले तेव्हा त्यात एक चिप बसवण्यात आली. परवान्यावाचून बनवलेल्या कॅसेटी अडवणे हे तिचे काम. पण पुढे निरनिराळ्या प्रदेशांना निरनिराळ्या चिप दिल्यावर तिच्याकडून प्रदेशबंदीही साधली. 1994 च्या प्लेस्टेशनने सीडीवर जपान, अमेरिका आणि युरोप यांच्या वेगळ्या खुणा घातल्या. डीव्हीडीवाल्यांनी तर जगाचे सहा मुख्य भाग पाडले: आखात दुसऱ्या भागात, भारत पाचव्या भागात. दुबईत रीतसर घेतलेली तबकडी गावच्या यंत्रात चालेलच, याची मग हमी उरली नाही.

यावर कंपन्यांचे म्हणणे असे की, गरीब देशाला माल स्वस्त द्यावयाचा, तर तो श्रीमंत देशात परत जाऊ नये. हे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे नाही. परंतु भुर्दंड कोणाला पडतो? नक्कल वापरणाऱ्याला नव्हे. पावती जपून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला पडतो. तो यंत्र उघडून चिप बदलू लागला की चोराच्या रांगेत बसतो.

हा वाद ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेला. एडी स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ प्लेस्टेशनमध्ये चिप बसवून देत असे. सोनीने त्याच्यावर फिर्याद केली. 2005 साली न्यायासनाने निकाल दिला की, हे कुलूप नक्कल करण्याला आळा घालीत नाही, नक्कल केलेला खेळ फक्त चालू देत नाही. म्हणून ते तिथल्या कायद्याने संरक्षिलेले कुलूप ठरत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65अ हे कलम आले. त्यातही कुलूप तोडणे गुन्हा ठरते ते हक्कभंगाच्या हेतूने तोडल्यास. हेतूचा हा विवेक आम्हांला मोलाचा वाटतो.

पुढे बंदी सैल झाली. 2006 च्या प्लेस्टेशन 3 वर बहुतेक खेळ कोणत्याही देशाचे चालू लागले. 2013 साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर प्रदेशबंदी जाहीर केली आणि लोकांनी गिल्ला करताच काही दिवसांत ती मागे घेतली. पण रोग समूळ गेला नाही. जून 2025 मध्ये आलेले निंटेंडोचे स्विच 2 जपानात दोन प्रकारांत विकले जाऊ लागले: केवळ जपानी भाषेचे आणि जपानी खात्याचे यंत्र 49,980 येनला, अनेक भाषांचे 69,980 येनला. येथे कुलूप तबकडीवर नाही, भाषेत आणि खात्यात आहे.

कशेडीच्या डोंगरातून बोगदा निघाला आणि 2023 च्या गणपतीत त्यातून लहान गाड्या जाऊ लागल्या. घाट डोळ्यांना दिसत होता, म्हणून त्याचा उपाय मागता आला. यंत्रातला घाट मात्र घरी पोहोचल्यावर कळतो. म्हणून आमची मागणी थोडी आहे. बंदी घालावयाचीच असेल, तर ती खोक्यावर, किमतीच्या शेजारी, ठळक अक्षरांत छापावी. जिल्हाबंदीचा नाकासुद्धा रस्त्यावर उघड उभा असे.